बाहेरून आणलेली माणसं

कोणाला आणावं, कोणाला ठेवावं आणि कोणाला वाटेला लावावं, या तीन प्रश्नांवर स्वतःचं ठाम मत नसलेला माणूस वर्धा जिल्ह्यात निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. घरात आज भाजी कोणती आणायची हे त्याला कोणी विचारत नसेल, पण विदर्भाच्या रणजी संघात डावखुरा फिरकीवाला कोणता आणायचा, हे तो उभ्या उभ्या सांगेल. तेही फुकट. आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा. संध्याकाळी तोंड सुटायला इथे चहा, पानठेला आणि क्रिकेट एवढीच अधिकृत साधनं आहेत. त्यातल्या तिसऱ्याचा अंमल सगळ्यात जास्त चढतो आणि उतरायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो.

मी बँकेतला कारकून. माणसं आणणं आणि हलवणं हा विषय मला परका नाही. आमच्याकडे त्याला बदली म्हणतात. फरक एवढाच, की संघात नवा खेळाडू आला की लोक त्याची सरासरी विचारतात. शाखेत नवा माणूस आला की लोक त्याची रजा किती शिल्लक आहे ते विचारतात. बाकी कुजबूज तीच. हा कोणाचा माणूस? कोणी आणला? किती दिवस टिकेल? आणि मुख्य म्हणजे, इथे काय माणसं नव्हती?

हा रोग फक्त आपल्याकडेच आहे असं समजून कोणी खाली मान घालू नये. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलवर असंच गावंच्या गावं भांडतात. तो फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा. त्याला फूटबॉल का म्हणतात हे त्यांनाही सांगता येत नाही. पण शाळेतला कोणता पोरगा कोणत्या विद्यापीठाशी करार करणार यावर तिथे आपल्या दहावीच्या निकालाहून जास्त चर्चा होते. मुख्य प्रशिक्षक कोण, हे तर सोडाच, त्याच्या हाताखालचा साहाय्यक कोण आणावा यावरही काका-पुतणे अबोला धरतात. तिकडच्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात जास्त पगार राज्यपालाचा नसतो, कुठल्यातरी विद्यापीठाच्या खेळाच्या प्रशिक्षकाचा असतो. ही माहिती मी आमच्या पानठेल्यावर सांगितली, तेव्हा एक निवृत्त गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही बत्तीस वर्षं पोरांना कवायत शिकवली. कोणी विचारलं नाही."

तर मुद्दा असा, की बाहेरून माणूस आणणं या कलेचा इतिहास आमच्या जिल्ह्याइतका लखलखीत दुसऱ्या कोणाचा असेल असं मला वाटत नाही. आता जमनालालजी बजाज. वर्धा म्हटलं की त्यांचं नाव आधी येतं. पण ते स्वतः वर्ध्याचे नव्हेत. जन्म १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावचा. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरात ते लहानपणी दत्तक आले. म्हणजे आमचा पहिला आणि सर्वांत यशस्वी 'बाहेरचा' खेळाडू वयाच्या पाचव्या वर्षीच करारबद्ध झाला, असं म्हणायला हरकत नाही. पुढे या दत्तक आलेल्या माणसाने आणखी माणसं आणण्याचा सपाटाच लावला. साबरमतीच्या आश्रमाची एक शाखा वर्ध्याला हवी, असा त्यांनी गांधीजींकडे आग्रह धरला. तेव्हा गांधीजी स्वतः आले नाहीत. त्यांनी १९२१ साली विनोबांना पाठवलं. मुख्य प्रशिक्षक मिळत नाही तर आधी साहाय्यक तरी आणा, हे धोरण आमच्या गावाने शंभर वर्षांपूर्वी राबवलं होतं! (गांधीभक्तांनी रागावू नये. गांधीजींना थट्टेचं वावडं नव्हतं. वावडं असतं ते भक्तांना.) मुख्य मंडळी आली ती १९३४ च्या सुमाराला, आणि १९३६ च्या एप्रिलात शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेली. हे शेगाव आणि गजानन महाराजांचं शेगाव यांत टपालखात्याचा इतका गोंधळ उडू लागला, की १९४० मध्ये आमच्या शेगावचं सेवाग्राम करावं लागलं. बाहेरून आणलेल्या माणसासाठी गावाने स्वतःचं नाव बदललं. आता यापुढे कोणी वर्धेकराला विचारू नये, की तुम्ही बाहेरच्याला सांभाळून घेता का म्हणून.

शिवाय या मंडळींनी आणखी आपापली माणसं आणली. ग्रामोद्योगासाठी तमिळनाडूचे कुमारप्पा मगनवाडीत आले. नई तालीमसाठी आर्यनायकम् आले, ते थेट सिलोनचे. म्हणजे ज्याला आज खेळाच्या भाषेत 'सपोर्ट स्टाफ' म्हणतात, तो आमच्याकडे मूळ संघाहून मोठा होता.

आता हे झालं आणण्याचं. नेण्याचं काय? त्याचीही नोंद आहे, आणि ती आपल्या नावे पडलेली आहे. कोट्टरी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. नायडू, जन्मले नागपुरात, १८९५ साली. शिकले हिस्लॉप कॉलेजात. भारताचा पहिला कसोटी कर्णधार आपल्या मातीतला. १९२६-२७ साली एम.सी.सी.विरुद्ध मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. पण तोवर त्यांना उचलून नेलेलं होतं. १९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आपल्याकडे नेलं आणि फौजेत कॅप्टन केलं. लढाई कुठे होती देव जाणे, पण हुद्दा होता. खेळाडूला नोकरी देऊन ठेवून घेण्याची ही पद्धत संस्थानिकांनी सुरू केली आणि पुढे बँकांनी तिचं पासबुक काढलं.

त्या होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. आमच्या पोरावर इंदूरने चार वेळा व्याज खाल्लं, मुद्दल परत दिलं नाही.

होळकरांची पाहुणा आणण्याची हौस एवढ्यावर थांबली नाही. १९४४-४५ चा अंतिम सामना मुंबईशी होता. महायुद्धामुळे इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तेव्हा फौजेबरोबर हिंदुस्थानात होता. त्याला त्यांनी संघात घेतलं. मुंबईने एकूण ४६२ आणि ७६४ धावा केल्या, आणि होळकरांपुढे दुसऱ्या डावात ८६७ धावांचं लक्ष्य ठेवलं. आपल्या एखाद्या गृहकर्जाचा आकडा वाटावा असं ते लक्ष्य. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला आणि होळकर ४९२ वर आटोपले. गोष्ट अशी सांगतात, की इंदूरच्या एका धनिकाने कॉम्प्टनला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे शंभर रुपये कबूल केले होते. खेळ संपल्यावर कॉम्प्टन पाहतो तर धनिक कामानिमित्त कलकत्त्याला निघून गेलेला. खरीखोटी देव जाणे, पण बँकेत वसुलीच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही ही गोष्ट खरीच वाटेल. कर्जदाराला ऐन हप्त्याच्या दिवशीच परगावी काम निघतं, हा अनुभव इंदूर ते आर्वी सगळीकडे सारखा आहे.

संस्थानं गेली आणि खेळाडूंना पोसायचं काम कंपन्यांनी आणि बँकांनी उचललं. अजित वाडेकर स्टेट बँकेत, गुंडाप्पा विश्वनाथ स्टेट बँकेत, किरमाणीही तिथेच. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड अशा दोघांना त्यांच्या घरात हरवून आलेला कर्णधार एका बँकेचा नोकर होता, हे सांगताना आजही माझी छाती दोन इंच फुगते. माझी बँक कोणती हा प्रश्न इथे गैरलागू आहे. खेळाडू कोट्यातून लागलेल्या माणसाबद्दल मात्र बँकेतली मतं जरा निराळी असतात. तो सामना खेळायला गेला की त्याचं लेजर दुसऱ्याला लिहावं लागे. तेव्हा संघाच्या विजयात आपलाही वाटा आहे, असं त्या दुसऱ्याला वाटत असे, आणि मला विचाराल तर त्यात खोटं काही नव्हतं. कोणी षटकार मारत असतो, तेव्हा कोणीतरी त्याची जमाखर्चाची बेरीज जुळवत असतो.

इकडे विदर्भाचं काय चाललं होतं? आधी मध्य प्रांत-वऱ्हाड या नावाने आपण खेळलो. मग १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाने. आणि तिथून पुढची जवळजवळ साठ वर्षं आपण जे केलं त्याला वाणिज्य शाखेच्या भाषेत 'बुडीत खाते' म्हणतात. मध्य विभागात गुणतक्त्याच्या तळाशी आपली जागा राखीव असल्यासारखी होती. नागपुरात कसोट्या व्हायच्या. पहिली १९६९ च्या ऑक्टोबरात, न्यूझीलंडविरुद्ध. ती आपण हरलो. १९८७ च्या विश्वचषकात सिव्हिल लाइन्सच्या त्याच मैदानावर चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली आणि गावस्करने एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकुलतं एक शतक ठोकलं. म्हणजे मंडप आमचा, वाढपी आमचे, जेवून गेले दुसरे. विदर्भाचा खेळाडू कसोटीत उतरायला २०११ उजाडलं. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध खेळला. त्याआधी प्रशांत वैद्य एकदिवसीय सामने खेळला होता. बस्स. यादी इथे संपते. पानसुद्धा उलटावं लागत नाही.

मधल्या काळात वर्धेकरांना एका गोष्टीचा आधार मिळाला. नवं मैदान जामठ्याला झालं आणि २००८ च्या नोव्हेंबरात तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली, सौरव गांगुलीची शेवटची. जामठा नागपूर जिल्ह्यात आहे हे खरं. पण ते आहे वर्धा रोडवर. नागपूरकर त्या रस्त्याला वर्धा रोड म्हणतात, आणि नाव ज्याचं त्याचा मालकीहक्क, असा साधा कायदा आम्ही लावतो. विमानतळ वर्धा रोडवर, मैदान वर्धा रोडवर. नागपुरात चांगलं जे जे होतं ते आमच्याकडे तोंड करून होतं, असं आमचे एक निवृत्त हेडकॅशियर ठासून सांगतात.

हे हेडकॅशियर आमच्या पानठेल्यावरच्या 'बाहेरून आणा' पक्षाचे नेते. विरुद्ध बाजूला मघाचे गुरुजी, 'आपल्या पोट्ट्यांना संधी द्या' पक्षाचे. आणि मधोमध आमच्या शाखेतले शिपाईदादा. ते कोणत्याच पक्षात नाहीत, कारण चहा त्यांना दोन्हीकडून मिळतो.

नियम असा, की राज्याच्या संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. राजस्थानने हा मार्ग आधी दाखवला. तळाच्या 'प्लेट' गटातला संघ; त्याने पुण्याचा हृषीकेश कानिटकर आणि दिल्लीचा आकाश चोप्रा आणले आणि २०१०-११ साली थेट करंडकच उचलला. पुढच्या वर्षी पुन्हा उचलला. त्या दिवसापासून हेडकॅशियरांच्या पक्षाला धार चढली. मग २०१४-१५ मध्ये विदर्भाने तमिळनाडूच्या बद्रीनाथला आणलं, कर्नाटकाचा गणेश सतीश आला, आणि २०१५-१६ साली मुंबईचा वसीम जाफर.

जाफर येणार म्हटल्यावर पानठेल्यावर जी सभा झाली तिचं इतिवृत्त लिहायला हवं होतं. गुरुजींचा आवाज चढला. "सदतीस वर्षांचा माणूस! मुंबईनं वापरून झाला की आपण घ्यायचा? आपण काय जुन्या सामानाचं दुकान काढलं का?"

"अहो गुरुजी," हेडकॅशियर म्हणाले, "जुनी नोट आहे, पण पाचशेची आहे."

"आणि आपल्या पोट्ट्याईले काय धाड भरली? तीन बाहेरचे खेळतील तं तीन घरचे बाहेर बसतील. त्यांच्या मायबापानं पोरगं सकाळी पाचला उठवून नागपूरच्या गाडीत बसवलं, ते काय पाहुण्याईले पाणी पाजाले?"

यावर हेडकॅशियरांनाही पटकन काही सुचेना, कारण गुरुजी खरं बोलत होते. या वादातली खरी गाठ इथेच आहे. पुलगावचा, हिंगणघाटचा एखादा पोरगा दहा वर्षं घाम गाळतो. वडिलांनी पीएफमधून उचल काढून त्याची बॅट घेतलेली असते. ते अर्ज आमच्या टेबलावरून जातात, म्हणून मला ठाऊक. आणि अकराव्या जागेवर त्याचं नाव यायचं त्या वर्षी तिथे बाहेरून कोणी येऊन बसतो. संघ जिंकतो तेव्हा फोटोत त्या पोराची आई त्याला शोधते आणि तो फोटोच्या बाहेर असतो. हा हिशेब कुठल्याही करंडकाने पुरता फिटत नाही. बाहेरून आणा म्हणणाऱ्याने हे आधी मान्य करावं आणि मगच तोंडात पान घालावं.

प्रशिक्षकांच्या बाबतीत तर दोन्ही पक्ष एक झाले होते, असंतोषात. पारस म्हांब्रे होऊन गेले. मग २०१७ साली चंद्रकांत पंडित आले. तेही मुंबईचे. त्यांनी मुंबईला २०१५-१६ चा करंडक मिळवून दिला, पुढच्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेलं, आणि मुंबईने त्यांना निरोप दिला. हा माणूस शिस्तीला भलता कडक, अशी ख्याती आधीच येऊन पोचली होती. वेळ म्हणजे वेळ. शिपाईदादा म्हणाले, "आपल्या ब्यांकेत आणा ना त्याईले दोन महिने." या सूचनेचं शाखेत कोणीही स्वागत केलं नाही.

पण खरी रंगत आली ती साहाय्यकावरून. गोलंदाजीचे प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी. क्रिकेटच्या बाहेर त्यांचं नाव फार कोणाला ठाऊक नाही. एकच कसोटी खेळले, १९९२ च्या जानेवारीत सिडनीला. पहिल्या डावात तीन बळी घेतले. त्याच सामन्यात पलीकडच्या संघातून शेन वॉर्न नावाचा एक पोरगा पहिल्यांदा खेळत होता. वॉर्नला पुढे सातशे बळी मिळाले, बॅनर्जींना पुढची कसोटी मिळाली नाही. असा माणूस विदर्भाच्या वेगवान पोरांना घेऊन बसला. उमेश यादवला त्यांनीच घडवलं, हे स्वतः उमेश सांगतो. मोठ्या प्रशिक्षकाची बातमी पहिल्या पानावर येते, साहाय्यकाची येत नाही. पण पोराच्या मनगटाला हात लावून चेंडू कसा धरायचा हे साहाय्यक सांगतो. बँकेत मॅनेजरची सही असते. पण ती कुठे करायची त्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवणारा कोणीतरी वेगळाच असतो. (हे वाक्य मी कोणाबद्दल लिहिलं, ते विचारू नये.)

आणि मग २०१७-१८ चा तो हंगाम. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपान्त्य सामना, समोर कर्नाटक. पहिल्या डावात आपण १८५, ते ३०१. इथे गुरुजींनी "झालं आपलं" असं जाहीर करून टाकलं. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या. कर्नाटकाला हव्या होत्या १९८. रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला पोरगा, त्याने ६८ धावांत ७ बळी घेतले. कर्नाटक १९२ वर बाद. पाच धावांनी विजय! त्या दिवशी आमच्या शाखेत रोख कमी भरली का जास्त, हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजली, बरोबर होती. देव होता.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि कुठे, तर इंदूरला. होळकरांच्या नावाच्या मैदानावर! १९२३ साली ज्या गावाने आपला सी. के. नेला, त्याच गावात. गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक होण्याची ती दुसरीच वेळ. त्यातला तिसरा बळी १४५ धावा काढून उभ्या असलेल्या ध्रुव शोरीचा. मग अक्षय वाडकर या आपल्या यष्टिरक्षकाने १३३ धावा केल्या, त्याचं पहिलं शतक. दिल्लीच्या २९५ ला आपण ५४७ ने उत्तर दिलं आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून सामना खिशात टाकला. विजयी धाव कोणी काढली? पाहुण्याने. जाफरने. पण करंडक उचलला कर्णधार फैज फझलने, जो नागपूरचा. हंगामात त्याच्या ९१२ धावा.

पानठेल्यावर पेढे वाटले गेले. गुरुजींनी एक घेतला, हेडकॅशियरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरबानी आपला, वाडकर आपला, फझल आपला. तुमचा पाहुणा काय, शेवटी आला नि चौकार मारून गेला." हेडकॅशियर म्हणाले, "चेक लिहिला तुमच्या पोरांनी, पण शाई आमची."

नंतर एक गोष्ट कळली आणि गुरुजीसुद्धा गप्प झाले. त्याच्या आधीच्या हंगामात जाफर दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. विदर्भाने त्या काळात त्याच्याशी केलेला शब्द पाळला, म्हणून जाफर हा विजयी हंगाम मानधनाशिवाय खेळला. मी बावीस वर्षं बँकेत आहे. न मागता, नोटीस न पाठवता, जामीनदाराच्या घरी न जाता कोणी देणं फेडल्याचं ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ. त्याच २०१८ च्या मार्चमध्ये इराणी करंडकात त्याने २८६ धावा काढल्या. आपण सात बाद ८०० वर डाव सोडला. पुढच्या हंगामात वयाच्या चाळीशीत १०३७ धावा काढल्या आणि विदर्भाने जामठ्यावर, म्हणजे आमच्या रोडवर, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून २०१९ मध्ये करंडक राखला. त्या अंतिम सामन्याचा मानकरी होता आदित्य सरवटे. अकरा बळी, आणि त्यात चेतेश्वर पुजारा दोनदा: एकदा १ वर, एकदा शून्यावर.

हे नाव लक्षात ठेवा, कारण गोष्टीला इथे वळण आहे.

पंडित २०२० साली गेले. कुठे? मध्य प्रदेशला. म्हणजे पुन्हा इंदूर! तिथे त्यांनी २०२१-२२ साली मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळवून दिला, तोही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. इंदूरने आपल्याकडून माणूस न्यायचा हा पायंडा शंभर वर्षांनीही मोडला नाही. गुरुजी म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? बाहेरचा माणूस बाहेरच जाणार." त्यानंतर आपला मुख्य प्रशिक्षक झाला उस्मान घनी, घरचा माणूस. संघ २०२३-२४ ला अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईकडून हरला आणि २०२४-२५ ला पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. मधल्या काळात आणलेले पाहुणे दोन: कर्नाटकाचा करुण नायर, आणि दिल्लीचा ध्रुव शोरी. हो, तोच शोरी, ज्याचा त्रिफळा उडवून आपण इंदूरला हॅट्ट्रिक साजरी केली होती. ज्याला बाद केल्याचे पेढे खाल्ले, त्याच्याच शतकासाठी आता पेढे मागवायचे. राजकारणात हे चालतं हे ठाऊक होतं, क्रिकेटमध्येही चालतं.

अंतिम सामना २६ फेब्रुवारी २०२५ पासून, जामठ्यावर, केरळशी. आणि केरळच्या संघात पाहुणा खेळाडू म्हणून कोण उतरला? आदित्य सरवटे! आपला. २०१९ चा मानकरी. त्याच मैदानावर, पण पलीकडच्या टोपीत.

त्या दिवशी पानठेल्यावर जी शांतता पसरली तशी मी फक्त ऑडिट आल्यावर पाहिली आहे. दोन्ही पक्षांची पंचाईत. हेडकॅशियरांचा पक्ष म्हणायचा, पाहुणा खेळाडू आणणं चांगलं. मग केरळने आणला तर वाईट का? गुरुजींचा पक्ष म्हणायचा, आपला तो आपला. मग सरवटे आता कोणाचा? आपल्या ३७९ ला उत्तर देताना केरळच्या डावात सरवटेने ७९ धावा काढल्या. तो बाद झाला तेव्हा टाळी वाजवायची, की हळहळायचं, हे कोणालाच ठरवता येईना. मी गुरुजींकडे चोरून पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले, "छान खेळला रे पोट्टा. तिकडच्या मायबापाईले बरं वाटलं असंल."

केरळ ३४२ वर थांबलं. ३७ धावांची आघाडी, आणि तेवढ्यावरच अनिर्णित सामन्यात तिसरा करंडक आपला. दानिश मालेवारने १५३ काढल्या, करुण नायरने ८६ आणि १३५. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. दानिश, दुबे, कर्णधार अक्षय वाडकर आपले. नायर पाहुणा. आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी नायर आपल्या घरी, कर्नाटकात परतला.

आम्हा वाणिज्यवाल्यांना पहिल्याच वर्षी एक नियम घोकायला लावतात: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही झाल्याशिवाय वही बंद करता येत नाही. आमच्या पानठेल्याची इतकी वर्षं चूक ही, की आम्ही एकाच बाजूला लिहीत होतो. जाफर आला हे लिहिलं, सरवटे गेला हे लिहायचं राहिलं. सी. के. गेले याचं दुःख केलं, जमनालालजी आले याचं कधी कौतुक केलं नाही, कारण ते बाहेरचे होते हेच विसरलो. संघात बाहेर बसलेल्या त्या हिंगणघाटच्या पोराची नोंदही त्याच वहीत हवी. ती नावे आहे, कोणी जमा केली नाही, आणि ताळेबंद जुळवायचा तर ती एक दिवस कोणाला तरी भरावी लागेल: मैदानं बांधून, गावोगाव साहाय्यक प्रशिक्षक पाठवून. मोठं नाव नको. पेन्सिलने फुली मारणारा पुरे.

शिपाईदादांना एकदा मी सरळच विचारलं, "दादा, तुमच्या मते घरचा कोण आणि पाहुणा कोण?"

त्यांनी दोन्ही पक्षांचे कप गोळा केले, बशीत बशी ठेवली आणि म्हणाले, "साहेब, सोपं हाये. जेवण झाल्यावर जो भांडे घासाले थांबते तो घरचा. मंग तो कोठूनही आला असो."

एवढं बोलून ते कप विसळायला गेले. दादा स्वतः छिंदवाड्याचे.